निमोणे लिहायला लागणारी सीडी

निमोणे हा शब्द वेलांटीनं सुरू होतो. हातानं लिहिताना आपण आधी वेलांटी काढतो आणि मग तिच्या कुशीत न बसवतो. संगणकाच्या स्मृतीत क्रम उलटा असतो: आधी न, मागून वेलांटी. ती वेलांटी उचलून न च्या डावीकडे नेऊन ठेवण्याचं काम पडद्यावर अक्षर उमटण्याआधी कुणीतरी करावं लागतं. विंडोज एक्स्पीमध्ये ते काम करणारी यंत्रणा होती, पण जागी केल्याशिवाय ती हलत नसे. तोवर वेलांटी न च्या उजव्या अंगाला लटकायची आणि गावाचं नाव परक्यानं वाचावं तसं दिसायचं.

ती जागी झाली की नाही हे बघायला शिरूर तालुक्यातली गावं फार उपयोगी. शिरूरमध्ये पहिली वेलांटी आहे, शिवाय र ला खाली न लागता कुशीत लागणारा उकार आहे. न्हावऱ्यात अर्धा न आहे. यंत्रणा झोपलेली असली की तिथे पाय मोडलेला अख्खा न दिसायचा. आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर सगळ्यांत अवघड, कारण त्यातला अर्धा ऱ हिंदीला लागतच नाही. आमच्याकडच्या कुठल्याही अर्जात, ठरावात, नोटिशीत हा शब्द येणारच. २००४-०५च्या सुमारास मी शिरूर परिसरात संगणक बसवून द्यायचं काम करत होतो, तेव्हा यंत्र सुरू झालं की मी हेच चार शब्द टंकून बघायचो. निमोणे, शिरूर, न्हावरे, शेतकऱ्यांना. चारही बरोबर उमटले तर मराठी बसली.

बसवायची रीत अशी. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश आणि भाषेचं पान उघडायचं, भाषांच्या टॅबवर जायचं आणि गुंतागुंतीच्या लिप्यांसमोरच्या चौकटीत खूण करायची. लगेच सूचना यायची की अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, भारतीय, थाई आणि व्हिएतनामी भाषांच्या फायली बसवायला १० मेगाबाइट किंवा त्याहून जास्त जागा लागेल. जागा भरपूर असायची. चाळीस गिगाबाइटच्या हार्ड डिस्कवर दहा मेगाबाइट म्हणजे काहीच नाही. पण ‘ठीक’ म्हटलं की पुढची खिडकी यायची: विंडोज एक्स्पीची सीडी घाला. त्या सीडीतल्या आय३८६ नावाच्या फोल्डरमधून फायली उचलायच्या असत.

आणि ती सीडी गावात नसायची. जुळवून घेतलेल्या संगणकासोबत दुकानदार ती देत नसे. कंपनीच्या संगणकात ती हार्ड डिस्कच्याच एका कोपऱ्यात दडवलेली असे, नाहीतर तालुक्याच्या कार्यालयातल्या कपाटात कुलपाआड. यंत्र तयार, वीज असलीच तर चालू, टंकणारी मुलगी एमएस-सीआयटी झालेली, आणि दहा मेगाबाइटांसाठी काम अडलेलं. मराठी संगणकावर का रुजली नाही यावर पुष्कळ चर्चा होतात: कळफलक अवघड, फाँट विचित्र, लोकांना गोडी नाही. मी पाहिलं ते असं की फार ठिकाणी केवळ एक चकती हाताशी नव्हती. म्हणून ही गोष्ट त्या चकतीच्या बाजूनं सांगतो आहे.

मराठी संगणकात ‘बसवावी’ लागते ही कल्पना मात्र एक्स्पीपेक्षा बरीच जुनी. १९८३ साली दिल्लीत तिसरं विश्व हिंदी संमेलन भरलं, त्यात आयआयटी कानपूरनं देवनागरीत चालणारा संगणक दाखवला. त्या कामातून जिस्ट हे तंत्र घडलं आणि मोहन तांबे यांचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं, विजय भटकर त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढे परम महासंगणकामुळे सी-डॅकचं नाव घरोघरी गेलं, पण त्याच संस्थेत जिस्टचं कामही आलं, आणि माझ्या मते मराठी माणसाच्या रोजच्या जगण्याला त्या कामाचा स्पर्श जास्त झाला.

जिस्ट आधी कार्डाच्या रूपात आलं. संगणकाचं झाकण उघडायचं, मोकळ्या खाचेत हिरवी पाटी दाबून बसवायची, स्क्रू आवळायचा. मराठी अक्षरं जुळवण्याचं काम त्या पाटीवर होई, खाली डॉस चालत असे. म्हणजे मराठीचा पहिला ‘इन्स्टॉलर’ पेचकस होता. सरकारी कार्यालयात हे परवडायचं, कारण यंत्र एकदा बसलं की दहा वर्षं हलत नसे. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण आयएस १३१९४ या क्रमांकानं ठरलं, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनं भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतली. आज फोनवर मराठी टंकताना अक्षरांना जे क्रमांक लागतात त्यांची रांग अशी इथूनच गेलेली आहे.

विंडोज आल्यावर कार्ड गेलं आणि मराठी फ्लॉपीत शिरली. सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी ही नावं तालुक्याच्या गावच्या प्रत्येक डीटीपीवाल्याला तोंडपाठ. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचे अहवाल, सगळं यांतून निघायचं. सोबत एक छोटं लॉक मिळे, प्रिंटरची वायर जिथे लागते त्या पोर्टला खोचायचं. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. फ्लॉपीची किंवा सीडीची नक्कल कुणीही करो, लॉकची होत नसे. पुण्यात बसून मराठी अक्षरांवर वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांना आपल्या मेहनतीचे पैसे मिळावेत यासाठी तो बंदोबस्त होता आणि मला तो रास्त वाटतो. पण त्याचा परिणाम असा झाला की मराठी ही दुकानातली वस्तू राहिली. जिथे लॉक तिथे मराठी. शेजारच्या संगणकावर तीच फाइल उघडली तर तिथे फाँट नसल्यामुळे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा.

या काळात आमच्यासारख्यांना एक विद्या आपोआप शिकावी लागली: चकतीची हुबेहूब प्रत काढायची विद्या. साधी नक्कल आणि हुबेहूब प्रत यांत फरक आहे. फायली एका जागेवरून दुसरीकडे नेल्या तर आशय जातो, पण चकतीच्या अगदी सुरुवातीला, फायलींच्या यादीबाहेर, संगणक सुरू करणारा जो छोटा तुकडा असतो तो मागे राहतो. म्हणून चकती पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, रिकामी घरंसुद्धा धरून, क्रमानं वाचायची आणि सगळं एकाच मोठ्या फाइलीत ओतायचं. तिला इमेज म्हणतात. साध्या फ्लॉपीचं गणित पाठ असायचं: एका बाजूला ८० वर्तुळं, प्रत्येकात १८ घरं, बाजू दोन, घरात ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. इमेज बरोबर निघाली की नाही हे तिचा आकार बघून कळे. एक बाइट इकडेतिकडे झाला तरी समजायचं की कुठेतरी खोट आहे. डॉसमधली डिस्ककॉपी हे काम करायची, पण विंडोज ९५च्या फ्लॉपींनी तिला हरवलं. मायक्रोसॉफ्टनं त्या फ्लॉपींवर एका वर्तुळात १८ ऐवजी २१ घरं कोंबली होती. तेरा फ्लॉपींचा तो संच डिस्ककॉपीला उतरवताच येत नसे. जिल व्होलाँ या फ्रेंच माणसाचं विनइमेज तेव्हा हाती आलं आणि इमेज या शब्दाशी माझी ओळख झाली.

सीडीनं प्रमाणच बदललं. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या सीडीत ३,३३,००० घरं, प्रत्येकात २०४८ बाइट. साडेचारशेहून जास्त फ्लॉपींचा ऐवज एका चकतीत. त्या घरांची मांडणी कशी करायची यावर १९८५ साली कंपन्यांची माणसं अमेरिकेतल्या लेक टाहो इथल्या हाय सिएरा हॉटेलात बसली, आणि त्यांच्या मसुद्यावरून १९८८ साली आयएसओ ९६६० हे प्रमाण झालं. आपण आज ज्याला ‘आयएसओ फाइल’ म्हणतो तिला हा प्रमाणाचा क्रमांकच नाव देऊन गेला. पहिली सोळा घरं मोकळी सोडायची आणि मग चकतीची ओळख लिहायची, असा नियम. इमेज खरी आहे का हे बघायला मी ती अशा साधनात उघडायचो जे बाइट जसेच्या तसे दाखवतं, आणि ३२,७६८ बाइट ओलांडून बघायचो. तिथे सीडी००१ ही पाच अक्षरं दिसली की जीव भांड्यात पडायचा.

दिसली नाहीत तर बहुधा इमेज वेगळ्या घाटाची असे. सीडीचं एक घर प्रत्यक्षात २३५२ बाइटांचं असतं. त्यात आधी १६ बाइट घराची सुरुवात आणि पत्ता सांगणारे, मग २०४८ बाइट खऱ्या मजकुराचे, शेवटी २८८ बाइट चूक ओळखून दुरुस्त करणारे. काही साधनं सगळेच्या सगळे २३५२ उचलायची, त्यातून .बिन आणि तिच्या सोबतीची .क्यू अशी जोडी निघायची. नीरो आपली .एनआरजी काढायचं, आणखी कुणी .एमडीएफ. दुकानादुकानांत कुणाकडे एक, कुणाकडे दुसरं. पुण्याहून कुणी पेनड्राइव्हवर आणलेली इमेज इथल्या साधनाला ओळखूच येत नसे. मग बिनची आयएसओ करत बसायचं: प्रत्येक घरातून पुढचे सोळा आणि मागचे दोनशे अठ्ठ्याऐंशी असे ३०४ बाइट खुडून टाकायचे आणि उरलेलं एकाला एक जोडायचं. साधन हे काही मिनिटांत करून देई. पण आत काय होतं हे कळल्यावर मला ते शेंगा फोडण्यासारखं वाटायचं, टरफल टाकायचं आणि दाणा ठेवायचा. फक्त लक्षात ठेवायचं की टरफलात दुरुस्तीची ताकद होती. ओरखडे पडलेल्या चकतीवरून जसंच्या तसं उचललं असेल तर खुडण्याआधी ती ताकद वापरून घ्यायची.

आता पुन्हा एक्स्पीकडे.

सीडी मागणाऱ्या त्या खिडकीवर पहिला उपाय सोपा होता. संगणक बसवतानाच मालकाच्या सीडीतला आय३८६ फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचा आणि रजिस्ट्रीत मूळ जागेची नोंद बदलून त्या फोल्डरकडे वळवायची. साधारण पाचशे मेगाबाइट जागा जाई. पण मग प्रिंटर बदला, मोडेम बदला, मराठीची खूण करा, संगणक कधी सीडी मागत नसे. हे मला आधी सुचलं नव्हतं याची चुटपुट अजून आहे, कारण त्याआधी बसवून दिलेल्या कित्येक यंत्रांसाठी मला पुन्हा पुन्हा हेलपाटे घालावे लागले आणि तोवर त्या लोकांची कामं खोळंबली.

दुसरा उपाय जास्त देखणा होता. विंडोज बसवतानाच मराठी जागी व्हावी अशी सीडीच घडवायची. एक्स्पीच्या इन्स्टॉलरला प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवलेली चिठ्ठी देता येते. विनएनटी डॉट सिफ असं तिचं नाव, जागा आय३८६मध्येच. त्या चिठ्ठीत प्रदेशाच्या भागात भाषासमूह म्हणून एक आकडा लिहायचा. जपानी ७, अरबी १३, व्हिएतनामी १४. भारतीय लिप्यांचा आकडा १५. एवढ्या एका ओळीनं इन्स्टॉलर चौकटीत खूण करायची वाट न बघता मराठी बसवून मोकळा होई.

पण चिठ्ठी सीडीत घालायची म्हणजे सीडी नव्यानं बांधायची. मूळ सीडीवरच्या सगळ्या फायली फोल्डरमध्ये उतरवल्या, चिठ्ठी टाकली आणि परत भाजली, तर जी चकती हाती येते ती संगणक सुरूच करत नाही. सुरुवातीचा तुकडा राहिलेला असतो. सीडीवरून संगणक कसा सुरू व्हावा याचा नियम १९९५ साली आयबीएम आणि फिनिक्स या कंपन्यांनी केला. त्याचं नाव एल टोरिटो; ज्या उपाहारगृहात त्याची मूळ आखणी झाली त्याच्यावरून पडलेलं. त्या नियमानुसार सुरुवातीचा तुकडा मूळ सीडीवरून वेगळा काढायचा, एकाच छोट्या फाइलीत ठेवायचा आणि नवी इमेज बांधताना तिच्याकडे बोट दाखवायचं. नीरोमध्ये तिथे दोन गोष्टी सांगाव्या लागत: फ्लॉपीचं सोंग करायचं नाही, आणि सुरुवातीला चार घरं वाचायची. आपण काही न बदलता पुढे गेलो तर तिथे एकच घर वाचायला सांगितलेलं राहायचं. तेवढ्या चुकीनं चकती वाया. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत राहायची आणि पुढे काहीच नाही. माझ्या सहा चकत्या अशा गेल्या. सातवी चालली. पडद्यावर निळं पान आलं, मग हिरवी पट्टी पुढे सरकत गेली, आणि संगणक पहिल्यांदा उघडला तेव्हा मी कुठेही खूण न करता निमोणे लिहिलं. वेलांटी न च्या डावीकडे होती.

किल्ली मात्र ज्याची त्याचीच लागे. ज्या यंत्राच्या पेटीवर मायक्रोसॉफ्टची पंचवीस अक्षरांची चिकटपट्टी असेल तिथेच ही चकती वापरायची, हे मी सुरुवातीपासून पाळलं. चोरीची विंडोज शिरूरमध्येही होती आणि पुण्यातही होती; तिच्यामुळे मराठी पसरली असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, कारण चोरलेल्या प्रती बहुधा कापून लहान केलेल्या असत आणि कापणाऱ्यानं पहिल्यांदा जे काढून टाकलेलं असे ते गुंतागुंतीच्या लिप्यांचं सामानच.

आपली अडचण आपल्यापुरती नव्हती. बांगलादेशात मैमनसिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मेहदी हसन खान यांनी २००३ साली अभ्र कीबोर्ड काढला, आणि त्याच घरातून आयकॉम्प्लेक्स नावाचं छोटं साधन आलं. सीडी नसताना एक्स्पीमध्ये लिपीची यंत्रणा जागी करणारं. ते बंगालीसाठी लिहिलं गेलं, पण बंगाली आणि मराठी एकाच कुलपाआड असल्यामुळे एका किल्लीनं दोन्ही उघडत. त्याआधी कन्नडसाठी शेषाद्रीवासु चंद्रशेखरन यांनी १९९८ साली बरहा काढलं होतं. पुढे त्यात देवनागरी आली आणि मराठी लिहिणाऱ्या कितीतरी लोकांनी आपली पहिली पानं त्यात टंकली. शेजारच्या भाषांनी आपल्याला असा हात दिला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

सरकारही चकतीच्याच वाटेनं आलं. १५ एप्रिल २००५ रोजी तमिळसाठी आणि २० जून २००५ रोजी हिंदीसाठी केंद्र सरकारनं मोफत सीडी प्रसिद्ध केल्या: फाँट, कार्यालयीन कामाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, शब्दकोश. पुढे मराठीसह इतर भाषांची पाळी आली. आधीच्या वर्षी, २००४ मध्ये, रेड हॅटनं लोहित हे फाँट मुक्त परवान्याखाली दिले होते. माझ्या दृष्टीनं या सगळ्यांत मोठी गोष्ट ती होती. मंगल हा विंडोजचा फाँट आपल्या इन्स्टॉलरमध्ये घालून वाटायचा हक्क मला नव्हता. लोहित वाटता येत होता, बदलता येत होता, चकतीवर भाजून कुणाच्याही हातात ठेवता येत होता.

आणि पोस्टानं येणाऱ्या चकत्या. उबुंटूवाले २००४पासून जगात कुठेही मोफत सीडी पाठवत. २०११ साली त्यांनी ते थांबवलं. गावाचं नाव, पोस्ट, तालुका शिरूर, जिल्हा पुणे एवढा पत्ता लिहिला की काही आठवड्यांनी पोस्टमन पुठ्ठ्याचं पाकीट घेऊन यायचा. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं जानेवारी २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं, त्यातही मराठी होती. या चकत्यांची मोठी सोय अशी की हार्ड डिस्कला हात न लावता त्या सीडीवरूनच चालत. शाळेच्या संगणकावर मास्तरांना दाखवायचं असलं की चकती घालायची, मराठीत मेनू दाखवायचे, चकती काढायची. मशीन जसंच्या तसं. केरळनं याच सोयीचा मोठा डोलारा उभारला: शाळांसाठी स्वतःची लिनक्स इमेज, मल्याळमसकट, सगळीकडे तीच. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचं जाळं २००१पासून गावोगावी पोचलेलं होतं, शिकवणारे होते, शिकणारे होते. सगळ्यांच्या हातात देता येईल अशी मराठीची एक इमेज या जाळ्यातून निघाली असती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

माझ्यापुरती मी ती उणीव छोट्या इन्स्टॉलरनं भरायचा प्रयत्न केला. जॉर्डन रसेल यांनी १९९७ साली काढलेलं इनो सेटअप फुकट होतं आणि त्याची भाषा समजायला सोपी. एका साध्या मजकूर फाइलीत लिहायचं: ही फाइल इथून घे, तिथे ठेव, हा फाँट नोंदव, जाताना सगळं पुसून जा. तो शेवटचा भाग मला फार आवडायचा. बसवणारं जे काही बसवतं त्याची वही ठेवतं आणि काढताना ती उलट वाचतं. आमचं किट म्हणजे लोहित फाँट, इन्स्क्रिप्ट कळफलकाचा तक्ता, आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यांचे, ठरावांचे कोरे नमुने. चार मेगाबाइटांच्या आत मावायचं.

मग मराठीत प्रश्न विचारणारा इन्स्टॉलर करावा असं ठरवलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. तेव्हाची इन्स्टॉलर बनवणारी साधनं जुन्या पद्धतीनं चालत, प्रत्येक भाषेच्या गटाला २५६ चिन्हांचा एक तक्ता. रशियनला तक्ता होता, ग्रीकला होता, अरबीला होता. देवनागरीला विंडोजनं असा तक्ता कधीच दिला नाही. आपली लिपी तिथे थेट युनिकोडच्या दारानं आली. त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या इन्स्टॉलरला ‘पुढे’ हा शब्दही मराठीत लिहिता येत नव्हता. मराठी बसवायला आलेला पाहुणा दारात इंग्रजीतच बोलायचा. मेनू मराठी, फाँट मराठी, नमुने मराठी, पण ते सगळं मिळवायला आधी ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. ज्या ग्रामसेवकाला किंवा अंगणवाडीताईंना हे करायचं होतं त्यांच्यासाठी हा उंबरठा किती उंच होता हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे. ताई माउसवरून बोट उचलून धरायच्या आणि विचारायच्या, “दादा, हे दाबलं तर काही पुसलं तर जाणार नाही ना?” मग मी बसवणाऱ्या खिडकीतल्या मजकुराच्या जागी चित्र घातलं, मराठीत लिहिलेल्या सूचनांचं चित्र. अक्षरं नाहीत, अक्षरांचा फोटो. तेवढ्यानं काम भागलं. इनो सेटअपची युनिकोड आवृत्ती आल्यावर ते चित्र काढून टाकलं आणि तिथे खरं ‘पुढे’ लिहिलं.

२०११ साली संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये संगणक आणि परिचालक आले. तोवर विंडोज व्हिस्टा आणि सेव्हननं लिपीची यंत्रणा पहिल्यापासून जागी ठेवायला सुरुवात केलेली होती. चौकट गेली, आय३८६ गेलं. पण चकती लपून राहिली. इंटरनेटसाठी जे नेटसेटर खोचायचे, ते खोचल्याबरोबर माय कॉम्प्युटरमध्ये सीडीचं चित्र उगवायचं. त्या इवल्याशा दांडक्यात एक इमेज कोरलेली असे, आत इन्स्टॉलर, आणि संगणकाला वाटे की सीडीच घातली आहे. डिजिटल सहीच्या काही टोकनांतही असंच. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा खुला झाला. त्या सहीमागे असं एखादं टोकन आणि त्यातल्या सीडीच्या सोंगातून बसलेला ड्रायव्हर आहे. निमोण्याच्या शेतकऱ्याला तो सातबारा आता फोनवर मिळतो, वेलांट्या जिथल्या तिथे.

गेल्या वर्षी जुन्या चकत्यांचा खोका काढला. बहुतेक मोझर बेअरच्या, काहींवर स्केचपेननं तारीख लिहिलेली. एकेक घालून इमेज काढत बसलो. काहींचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता, काही निम्म्यावर येऊन घरघरायच्या आणि थांबायच्या. एका चकतीवर गावागावांचे ठरावाचे नमुने होते. ती भाजताना मी चूक केली होती. आयएसओ ९६६०च्या मूळ नियमात फाइलीचं नाव फक्त इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ यांतच लिहिता येतं. मराठी नावं टिकवायची तर मायक्रोसॉफ्टची जोलिएट ही जोडणी चालू ठेवावी लागते. मी ती बंद ठेवली होती. चकतीनं मराठीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक रेघ ओढून ठेवली होती.

पाच रेघांच्या दोन फायली होत्या, दुसरीच्या शेपटाला आकडा लागलेला. शिरूर आणि गुणाट, कुठली कोणती ते उघडल्याशिवाय कळेना. सात रेघांची एक, न्हावऱ्याची. आणि एक सहा रेघांची. मी बोटांवर मोजलं: न, वेलांटी, म, ओकार, ण, मात्रा.